पिवळ्या पाटीच्या दुकानातून

१९९२ साली माझ्या वडिलांना, अण्णांना, एसटीडी बूथ, म्हणजे पैसे देऊन परगावी फोन करायचं दुकान, मंजूर झाला तेव्हा मी सातवीत होते. अण्णांचा उजवा पाय लहानपणीच पोलिओनं गेलेला. बूथ देताना अपंगांना प्राधान्य असायचं, त्यात त्यांचा नंबर लागला. गाव निफाड तालुक्यातलं, लासलगावचं कांदा मार्केट आमच्यापासून नऊ किलोमीटर.

दुकानावर पिवळी पाटी लागली. आत लाकडी केबिन, त्याला काच आणि टेबलावर मीटर. नंबर लागला की मीटरवरचे लाल आकडे पळायला लागायचे आणि बोलणाऱ्याची नजर सारखी त्या आकड्यांवर. रात्री उशिरा पाव दर असायचा, म्हणून मुंबईला मुलगा असलेल्या म्हाताऱ्या जेवण उरकून यायच्या आणि आमच्या ओट्यावर पेंगत बसायच्या. शाळा सुटली की पावत्या फाडायचं काम माझं.

दिवसाचं खरं गिऱ्हाईक म्हणजे खळ्यावरचे व्यापारी. त्या काळात घरी फोन घ्यायचा तर वर्षानुवर्षं थांबावं लागायचं, त्यामुळे लहान व्यापारी आमच्याकडेच येत. सकाळी लिलावाच्या आधी मुंबईजवळच्या वाशी मार्केटला फोन, मग कलकत्त्याला, कधी मद्रासला. "काय चाललंय? किती गाड्या आल्या? काय निघाला?" तीन प्रश्न, दोन मिनिटं, फोन खाली. तेवढ्या दोन मिनिटांत आज लासलगावात कितीपर्यंत बोली लावायची हे त्यांना कळलेलं असायचं. ट्रॅक्टर भरून निघालेल्या शेतकऱ्याला मात्र मार्केटात पोचेपर्यंत काहीच माहीत नसायचं.

आमच्या केबिनची काच नीट बसत नव्हती. वरच्या बाजूला चांगली बोटभर फट होती आणि आतलं बोलणं बाहेर ऐकू यायचं. हे गावाला लवकरच कळलं. सकाळी आठच्या सुमाराला ओट्यावर चारपाच शेतकरी कायम. कुणी तंबाखू मळतोय, कुणी आईकडे पाणी मागतोय, आणि सगळ्यांचे कान त्या फटीकडे. मी एकदा अण्णांना म्हटलं, सुताराला बोलावून काच बसवून घेऊ, व्यापारी कुरकुर करतात. अण्णा म्हणाले, "असू दे. ऐकू जातंय तर जाऊ दे." बूथ बंद होईपर्यंत ती काच त्यांनी बसवली नाही.

पुढे लग्नानंतर मी मुक्त विद्यापीठातून अर्थशास्त्र घेऊन बी.ए. केलं. माहिती तंत्रज्ञानानं गरीब देशाची वाढ कशी होते यावर जे काही वाचलं, ते वाचताना मला ती फट आठवायची. आजही आठवते. त्या अर्थशास्त्राला मी बोटभर फटीतून पाहिलेलं आहे.

बूथ आमच्या गावापर्यंत आला त्यामागे एक निर्णय होता. १९८४ साली सी-डॉट ही सरकारी संस्था सुरू झाली. टेलिफोनतज्ज्ञ सॅम पित्रोदा आणि त्यांच्या इंजिनिअरांनी ठरवलं की आपल्या उष्ण, धुळीच्या, वीज जाणाऱ्या गावांत वातानुकूलित खोलीशिवाय चालेल असं छोटं टेलिफोन एक्स्चेंज आपणच बनवायचं. १२८ लाइनींचं असं पहिलं ग्रामीण एक्स्चेंज १९८६ साली कर्नाटकातल्या कित्तूरला बसलं. त्यामागचा दुसरा विचार मला अजून मोठा वाटतो. घरोघरी फोन देणं परवडणारं नव्हतं, तेव्हा फोन नाक्यावर ठेवायचा आणि एक माणूस बसवायचा. फोन मालकीचा नसला तरी गावाच्या हाताशी आला. आमच्यासारख्या हजारो घरांच्या चुली त्यावर पेटल्या.

मोबाईल आल्यावर ते संपलं. १९९५ साली देशातला पहिला मोबाईल कॉल झाला तेव्हा मिनिटाला सोळा रुपयांपर्यंत पडत आणि आलेल्या फोनचेही पैसे लागत, त्यामुळे आमच्या धंद्याला धक्का बसला नाही. २००३ मध्ये येणारे फोन फुकट झाले, त्याच पावसाळ्यात ५०१ रुपयांत हँडसेट मिळायला लागला, आणि ओट्यावरची गर्दी विरळ होत गेली. २००७ साली अण्णांनी मीटर परत केलं. त्या रात्री ते जेवले नाहीत. घरात खर्चाची ओढाताण झाली, धाकट्या भावाच्या इंजिनिअरिंगची फी आईच्या पाटल्या मोडून भरली. तंत्रज्ञानानं गावाची भरभराट होत असताना त्याच गावातलं एखादं घर त्याच तंत्रज्ञानानं खाली येऊ शकतं, हे मला कुठल्या पुस्तकातून शिकावं लागलं नाही.

पण गावाला काय मिळालं, हेही खरं. इथे केरळच्या मच्छीमारांबद्दल सांगायला हवं, कारण या विषयात मला सगळ्यात पटलेला अभ्यास तोच आहे. रॉबर्ट जेन्सन या अर्थशास्त्रज्ञानं १९९६ ते २००१ या काळात कासरगोड, कन्नूर, कोळिकोड या जिल्ह्यांतल्या किनाऱ्यांवर तारलीचा भाव आठवड्याआठवड्याला नोंदवला. मोबाईल यायच्या आधी होडी नेहमीच्याच किनाऱ्याला लागायची. तिथं आधीच मासळीचा ढीग पडला असेल तर मासे समुद्रात परत टाकावे लागायचे. १९९७ सालच्या १४ जानेवारीला वडकऱ्याच्या किनाऱ्यावर अकरा होड्यांनी मासळी फेकून दिली, आणि त्याच सकाळी पंधरा किलोमीटरच्या आतल्या किनाऱ्यांवर सत्तावीस गिऱ्हाइकं मासळी न मिळाल्यानं रिकाम्या हातानं परतायच्या बेतात होती. मग टॉवर उभे राहिले, समुद्रातूनच फोन लागायला लागले. होडी कुठल्या किनाऱ्याला न्यायची हे फोनवर ठरू लागलं. मासळी फेकणं जवळजवळ थांबलं. मच्छीमारांचा नफा सरासरी ८ टक्क्यांनी वाढला आणि खाणाऱ्यांना मासळी ४ टक्क्यांनी स्वस्त मिळाली. एक मासासुद्धा जास्त पकडला नाही. जो वाया जात होता तो पानात पडला. आर्थिक वाढ म्हणजे काय, हे मला त्या होड्यांनी जितकं स्वच्छ दाखवलं तितकं कुठल्याच जीडीपीच्या तक्त्यानं दाखवलं नाही.

हे वाचलं तेव्हा मी हरखून गेले होते. म्हटलं, हेच आपल्याकडे कांद्याचं होणार.

आज आमच्या गावात ज्याच्या घरात कांदा आहे त्याच्या फोनवर दुपारच्या आत लासलगाव, विंचूर, पिंपळगाव बसवंत, येवला, मनमाड, उमराणे सगळीकडचे भाव येतात. कमीत कमी, जास्तीत जास्त, सरासरी. वाशीच्या आवकेचे आकडेही येतात. ती फट आता भिंतीएवढी झालीय. आणि तरीही डिसेंबर २०१८ मध्ये आमच्याच तालुक्यातल्या एका शेतकऱ्यानं ७५० किलो कांद्याचे हातात आलेले १,०६४ रुपये मनिऑर्डरनं थेट पंतप्रधानांना पाठवले. किलोला एक रुपया चाळीस पैसे. त्याच्याकडे फोन नव्हता म्हणून असं झालं का? भाव त्यालाही माहीत होता, सगळ्यांना माहीत होता.

बरीच वर्षं मी यावर विचार करतेय. होडीला स्वतःचं इंजिन असतं. समुद्रात तिला अडवणारं कुणी नाही, डावीकडे वळायचं की उजवीकडे ते नाखवा ठरवतो. आमच्याकडे दोन एकरवाल्याचा स्वतःचा ट्रॅक्टर नसतो. भाड्याचा पिकअप ज्या मार्केटसाठी ठरला तिथंच जाणार. लाल कांदा चाळीत, म्हणजे कांदा साठवायच्या शेडमध्ये, टिकत नाही, काढला की विकायचाच. उन्हाळ कांदा टिकतो, पण सोसायटीचं कर्ज जूनच्या तोंडावर उभं असतं आणि चाळ बांधायला पैसा लागतो. लिलावात भाव पुकारला गेला तरी काट्यावर माल ओतल्यावर व्यापारी 'वांदा' काढतो, खालचा माल बारीक आहे, ओला आहे, क्विंटलमागे शंभर कमी कर. त्या वेळी ट्रॉली रिकामी करून झालेली असते. परत भरून दुसऱ्या मार्केटला न्यायचं म्हटलं तर हमाली, डिझेल आणि अख्खा दिवस. पिंपळगावला दीडशे जास्त निघालेत हे खिशातल्या फोनवर दिसतंय, आणि माणूस शंभर कमी घेऊन सही करतोय. हे मी नुसतं ऐकलेलं नाही, मिस्टरांच्या शेजारी उभं राहून पाहिलंय.

शिवाय बातमी दोन्हीकडून धावते. ८ डिसेंबर २०२३ ला केंद्रानं कांद्याची निर्यात बंद केली. पूर्वी असा निर्णय मार्केटात पोचायला निदान रात्र जायची, या खेपेला काही मिनिटांत सगळ्यांच्या फोनवर होता. लिलाव कोसळले, शेतकऱ्यांनी रस्ता अडवला. पुढे ती बंदी ४ मे २०२४ ला उठली, तोवर लाल कांद्याचा हंगाम निघून गेला होता. फोननं भाव वाढल्याची खबर जितक्या वेगानं दिली, तितक्याच वेगानं तो पाडलाही.

आता द्राक्षाचं सांगते. गाव तेच, माणसं तीच, फोनही तेच.

माझ्या मोठ्या दिरांची तीन एकर द्राक्षबाग आहे, माल युरोपला जातो. २००३ साली नेदरलँड्समध्ये आपल्या द्राक्षांत कीटकनाशकाचे अंश जास्त सापडले आणि नाशिकच्या बागायतदारांची झोप उडाली. त्यातून शेतमालाच्या निर्यातीचं काम बघणाऱ्या अपेडा या केंद्राच्या संस्थेनं ग्रेपनेट ही संगणकावरची नोंदींची प्रणाली उभी केली. निर्यातीच्या प्रत्येक प्लॉटची नोंद होऊन त्याला नंबर मिळतो. काढणीआधी प्रयोगशाळेचा माणूस बागेत येऊन नमुना नेतो, अहवाल थेट त्या प्रणालीत चढतो. अहवाल बरा असेल तरच पुढची कागदपत्रं निघतात. पॅकहाऊसमधून निघालेली पेटी कुठल्या प्लॉटची हे रॉटरडॅममध्ये बसून शोधता येतं. पुण्याजवळ मांजरी इथल्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रातली प्रयोगशाळा या सगळ्या तपासण्यांवर लक्ष ठेवते.

ही व्यवस्था चुकली नाही असं नाही. २०१० साली लिहोसिन या वेलीची वाढ रोखणाऱ्या रसायनाचे अंश सापडून युरोपातली गिऱ्हाइकं मागे फिरली. ते रसायन तपासायच्या यादीतच नव्हतं. दिरांचा माल तेव्हा वाटेवर होता. त्या वर्षी त्यांनी जावेचे दागिने सोसायटीत ठेवले, आणि घरात महिनाभर कुणी मोठ्यानं बोललं नाही. पण पुढच्या हंगामापर्यंत ते रसायन यादीत आलं, तपासणी सुरू झाली, गिऱ्हाइकं परतली. चूक कुठे झाली ते नोंदींमुळे सापडलं, म्हणून ती दुरुस्त करता आली. आज दिरांच्या बागेवर हंगामात तीस बाया कामाला येतात, त्यांना इतरांपेक्षा जास्त रोज पडतो, आणि गावातली दोन पोरं पॅकहाऊसमध्ये संगणकावर नोंदी करतात.

कांद्याच्या फोनमध्ये आणि द्राक्षाच्या फोनमध्ये फरक काय? द्राक्षाच्या माहितीमागे प्रयोगशाळा आहे, माल लगेच थंड करायचं प्रीकूलिंग आहे, कंटेनर आहे, बागायतदारांचा पक्का संघ आहे आणि नियम मोडला तर माल अडवायची ताकद असलेलं कुणीतरी आहे. कांद्याच्या माहितीमागे मेसेज आहे.

वारणेतही हेच दिसलं होतं. १९९८ साली कोल्हापूर-सांगलीकडच्या सत्तर गावांना जोडणारा 'वायर्ड व्हिलेज' प्रकल्प तिथं झाला, गावोगावी संगणकाची केंद्रं उघडली. त्यांतून इंटरनेटची दुनिया खुली होईल अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात शेतकरी तिथं जायचा तो बहुतेक उसाच्या वजनाची पावती बघायला आणि खताचा हिशेब विचारायला. काही वर्षांनी मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या मंडळींनी काही गावांत संगणकाऐवजी साध्या मोबाईलवर एसएमएसनं तेच काम करून पाहिलं आणि ते स्वस्तात झालं. काही लोक या गोष्टीकडे अपयश म्हणून बघतात, मला तसं वाटत नाही. वारणेच्या शेतकऱ्याला त्या पावतीचा उपयोग होता कारण तात्यासाहेब कोरेंनी उभा केलेला कारखाना होता, काटा होता, बिल देणारी संस्था होती. संगणक बदलला तरी त्यांचं काम अडलं नाही.

अर्थशास्त्रज्ञांमध्येही हा वाद जुना आहे. रॉबर्ट सोलो यांनी १९८७ साली म्हटलं होतं की संगणकाचं युग सगळीकडे दिसतं, फक्त उत्पादकतेच्या आकडेवारीत दिसत नाही. त्यावर पॉल डेव्हिड यांनी विजेचा दाखला दिला. कारखान्यांत वीज आली तरी कित्येक वर्षं उत्पादन फारसं वाढलं नाही, कारण मालकांनी वाफेचं इंजिन काढून तिथंच मोटर बसवली, बाकी मांडणी जुनीच. प्रत्येक यंत्राला वेगळी मोटर देऊन कारखान्याची रचनाच बदलली तेव्हा कुठे फरक पडला. जागतिक बँकेच्या एका अभ्यासाचा आकडा नेहमी सांगितला जातो, की विकसनशील देशांत ब्रॉडबँड शंभरातल्या आणखी दहा लोकांपर्यंत गेलं तर वाढीचा दर १.३८ टक्केबिंदूंनी चढतो. मला हा आकडा तसाच्या तसा घ्यावासा वाटत नाही. जिथं रस्ते, शाळा, वीज आधी पोचलीय तिथंच ब्रॉडबँडही लवकर पोचतं, मग वाढ नेमकी कुणामुळे झाली?

धाकटा भाऊ हिंजवडीला आयटीत आहे. आईच्या पाटल्यांचं सोनं त्यानं तिला दुप्पट वजनानं परत केलं, गावात कांद्याची चाळ बांधली, ठिबक केलं. आयटीचं देशावर ऋण मोठं आहे, २०२३-२४ साली २०० अब्ज डॉलरच्या आसपास निर्यात या क्षेत्रातून झाली. पण त्यात काम करणारी माणसं तेव्हा ५४ लाखांच्या घरात, आणि देशात कामाला जाणारे पन्नास कोटींहून जास्त. शंभरात एक. उरलेल्या नव्व्याण्णवांतले पंचेचाळीस शेतीवर आहेत. आयटीमुळे देश वाढला असं कुणी म्हटलं की माझी नजर त्या नव्व्याण्णवांकडे जाते.

त्यांना मी रोज बघते. अण्णांच्या त्याच दुकानात माझं सेवा केंद्र आहे. २०११ पासून चालवते, सासर सहा किलोमीटरवर, स्कूटीनं येते. एमएससीआयटी करून ठेवलं होतं ते इथं कामाला आलं.

सातबारा काढणं म्हणजे पूर्वी काय होतं ते आताच्या पोरांना सांगून खरं वाटत नाही. तलाठ्याकडे चारपाच गावं, आज या गावाला, उद्या त्या. गेलं की कुलूप. दोन फेऱ्या, दोन दिवसांचा रोज बुडालेला, एसटीचं तिकीट, वर चहापाणी. १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळायला लागला. माझ्याकडे माणूस येतो, पाच मिनिटांत कागद घेऊन जातो आणि परत खुरपायला लागतो. ते वाचलेले दोन दिवस कुठल्या आकडेवारीत मोजले जातात मला ठाऊक नाही, पण मला ते रोज दिसतात. देशातला पहिला आधार क्रमांक २०१० मध्ये आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीच्या बाईंना मिळाला होता. त्यानंतर जनधन आलं, यूपीआय आलं. ऑगस्ट २०२३ मध्ये यूपीआयचे व्यवहार महिन्याला हजार कोटींच्या वर गेले. आमच्या आठवडी बाजारात मेथीची जुडी विकणारी आजीसुद्धा आता सुट्ट्यांसाठी अडून राहत नाही.

आणि त्याच दुकानात गेल्या महिन्यात एक मावशी आल्या. कांदालागणीला जाणाऱ्या, पन्नाशीच्या. खात्यातून हजार रुपये काढायचे होते. अंगठा लावला, जुळेना. तर्जनी लावली, जुळेना. दहाही बोटं झाली. रोपं उपटून, खुरपून बोटांच्या रेघा झिजून गेलेल्या. मी कोमट पाण्यानं हात धुवायला लावले, खोबरेल चोळलं, पुन्हा पुसून लावले. सहाव्या खेपेला एक करंगळी लागली. त्या इतका वेळ हात पुढे धरून उभ्या होत्या, जणू चूक त्यांचीच आहे. मी म्हटलं, "मावशी, तुमचं काही चुकलेलं नाही." त्या काही बोलल्या नाहीत, पैसे कमरेला खोचून गेल्या. ज्या हातांनी सगळ्यात जास्त काम केलंय त्या हातांना यंत्र ओळखत नाही, याचा मला त्या दिवशी रात्रभर त्रास झाला. बुबुळावरून ओळख पटवणारं यंत्र मी घेतलंय, पण सगळ्या कामांना ते चालत नाही.

अण्णा आता पंचाहत्तरीला टेकलेत. सकाळी काठी टेकत दुकानात येतात, जुन्या केबिनच्या जागी खुर्ची टाकलीय तिथं बसतात. पिवळी पाटी आतल्या भिंतीला लावून ठेवलीय, मला ती काढवत नाही. आल्या आल्या त्यांचा प्रश्न ठरलेला, "वाशीला काय निघाला?" मी फोन बघून सांगते. ओट्यावर कुणी असलंच तर अण्णा तो भाव पुन्हा मोठ्यानं म्हणतात, जरी त्या माणसाच्या हातात स्वतःचा फोन असला तरी.

परवा मिस्टरांचा फोन आला. चाळीतला कांदा मोड यायला लागलाय, काढावा म्हणतात. मी जवळच्या चार मार्केटचे भाव सांगितले. पिंपळगाव सगळ्यात वर होतं, लासलगावपेक्षा एकशे ऐंशीनं. ते म्हणाले, "हो, पाहिलं मी. ट्रॅक्टरवाल्यालाही विचारलं. गुरुवारपर्यंत मोकळा नाही."